‘कोणाला अडतं’ या रकान्यात काय लिहायचं

ॲक्सेसिबिलिटी, म्हणजे अपंग व्यक्तींनाही वेबसाइट किंवा ॲप वापरता येतं का, हे तपासून झालं की आम्ही जो तक्ता भरतो, त्यात ‘कोणाला अडतं’ असा एक रकाना आहे. बाकीचे रकाने सरळ आहेत: चूक कुठल्या पानावर, ती पुन्हा कशी घडवून पाहायची, कुठला निकष मोडतो, किती गंभीर. सॉफ्टवेअर टेस्टिंगमधून आलेल्या माणसाला हे अंगवळणी पडलेलं असतं. ‘कोणाला अडतं’पाशी मात्र हात थांबतो. जुने अहवाल काढून बघितले, तर त्यात तीच ती नावं फिरत होती. अंध, कर्णबधिर, रंगांध, आणि मग दोन गाठोडी: ‘मोटर’ आणि ‘कॉग्निटिव्ह’. कुठल्याही चुकीपुढे यातली दोन-तीन लिहिली की रकाना भरलेला दिसायचा आणि डेव्हलपर तो न वाचता पुढे जायचा. त्याचं तरी काय चुकलं? नुसतं ‘मोटर’ वाचून त्याने बटणाचं नेमकं काय करायचं?

गटात मी नवी, म्हणून या शब्दांची सूची करायचं काम माझ्याकडे आलं. प्रत्येक शब्दापुढे दोन-चार ओळी, टेस्टर आणि डेव्हलपर दोघांनाही कळतील अशा, एवढीच अपेक्षा होती.

पहिल्यांदा वैद्यकीय कोश उघडले. काचबिंदू: दृष्टिचेतेला होणारी इजा, बहुधा डोळ्यातला दाब वाढल्यामुळे. मल्टिपल स्क्लेरोसिस: मज्जातंतूंवरच्या आवरणाला होणारी इजा. सगळं बरोबर, पण आमच्या कामाला शून्य उपयोगाचं. रोग कशाने होतो आणि त्यावर उपचार काय, हे कोश सांगतो. तो रोग असलेला माणूस स्क्रीनपुढे बसल्यावर काय होतं, हे सांगणं त्याचं कामच नाही.

मग जागतिक आरोग्य संघटनेचं २००१ सालचं वर्गीकरण हाती आलं. त्याला सगळे आयसीएफ म्हणतात. याच संघटनेचं १९८० सालचं जुनं वर्गीकरण साधारण एकाच दिशेने जायचं: रोग, त्यातून शरीरातला दोष, त्यातून अक्षमता, त्यातून समाजात मागे पडणं. २००१ च्या मांडणीत शरीराची कार्यं, माणसाच्या कृती आणि त्याचा सहभाग हे वेगवेगळे मोजले जातात आणि भोवतालची परिस्थिती त्या सगळ्यांवर परिणाम करते. इतकं तर कुठल्याही प्रशिक्षणात सांगतात. मला त्यातली खरी गंमत सापडली ती कोडमध्ये. भोवतालच्या गोष्टींचे कोड ‘ई’पासून सुरू होतात, ई१२५ म्हणजे संवादाची साधनं आणि तंत्रज्ञान. त्यापुढे टिंब देऊन आकडा लिहिला तर ते साधन त्या माणसाला तेवढा अडथळा आहे, आणि टिंबाऐवजी अधिकचं चिन्ह देऊन लिहिला तर तेवढी मदत. म्हणजे तेच ॲप एकाच्या कागदावर ई१२५.३ आणि दुसऱ्याच्या कागदावर ई१२५+३ असू शकतं. माणूस बदलला नाही, रोग बदलला नाही, ॲप दुरुस्त झालं, तरीही टिंबाचं अधिक होऊ शकतं. आमचा सगळा धंदा त्या एका चिन्हात आला, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

इथे एक वाद आडवा येतो, तो उरकून घेते. अपंगत्वाच्या ‘सोशल मॉडेल’ला माइक ऑलिव्हर यांनी १९८३ मध्ये ते नाव दिलं. माणसाला अपंग करतो तो त्याच्याभोवतीचा समाज, असं ते मॉडेल सांगतं. त्या बाजूची मंडळी म्हणतात की रोगांची नावं घेऊच नका, अडथळ्याबद्दल बोला. तत्त्व मला पटतं, पण कामाला बसल्यावर ते पुरत नाही. दोन माणसांचा अडथळा वेगळा का, हे कळायला कधीकधी रोगाचं नाव लागतंच. ‘अल्पदृष्टी’ या एका शब्दाने मला ते शिकवलं.

आमच्याकडे अल्पदृष्टीचे दोन परीक्षक येतात. दोघांच्याही नोंदीत एकच शब्द. एका काकांना रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. यात रातांधळेपणापासून सुरुवात होते, मग दृष्टी कडेकडेने जात जाते आणि मधे एक अरुंद बोगदा उरतो. दुसऱ्या बाईंना मॅक्युलर डिजनरेशन. त्यांचं उलट: मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. त्या बोलताना तुमच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघतात, कारण तसं पाहिलं तरच चेहरा दिसतो.

दोघांना एकच फॉर्म भरायला दिला. बाईंनी आल्याआल्या स्क्रीन चौपट मोठी केली. पान नीट मुडपलं, आडवं सरकवावं लागलं नाही, त्या सावकाश पण सरळ खाली गेल्या. त्यांचं झाल्यावर काकांसाठी मी आपणहून अक्षरं मोठी करायला लागले, तर ते म्हणाले, “अहो, राहू द्या. मोठं केलंत तर माझ्या भोकात एकच अक्षर मावेल.” त्यांना अक्षरं लहान आणि ठळक हवी होती, म्हणजे त्या बोगद्यात पूर्ण शब्द बसतो. मग त्यांनी फॉर्म भरला, डावीकडे खाली असलेलं ‘जतन करा’ दाबलं आणि थांबले. पुन्हा दाबलं. काही होईना. वर उजव्या कोपऱ्यात लाल पट्टी येऊन गेली होती: ‘फोन क्रमांक अपुरा आहे’. ती पट्टी काही सेकंद राहून आपोआप विरते. त्यांची नजर खाली डावीकडे, पट्टी वर उजवीकडे. ती त्यांच्या जगात उगवलीच नाही. “बटण बिघडलंय,” त्यांनी निकाल दिला.

तोच संदेश त्या फोन क्रमांकाच्या रकान्याखाली ठेवला असता तर दोघांनाही सापडला असता. स्क्रीन चौपट मोठी केल्यावर बाईंनाही तो कोपरा सहज हुकण्यासारखाच होता, फक्त त्यांनी क्रमांक बरोबर भरल्यामुळे त्या वाचल्या. मी सूचीत ‘अल्पदृष्टी’ची नोंद फोडली: मधली दृष्टी गेलेली, कडेची गेलेली, एकूण धूसर, प्रकाश सहन न होणारी. मोतीबिंदू तिसऱ्यात आणि चौथ्यातही जातो, कारण त्यात धूसरही दिसतं आणि झगमगाटही होतो. सेरेब्रल व्हिज्युअल इम्पेअरमेंट कुठेच नीट बसेना. त्यात डोळ्यात काही दोष नसला, तरी मेंदू चित्राचा अर्थ लावताना अडखळतो, आणि पानावर गर्दी असली की जास्तच. त्याला स्वतंत्र ओळ दिली.

‘अंध’ हा शब्दही मी समजत होते त्याहून ढिला निघाला. आरोग्य संघटनेच्या मापात चांगल्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी असेल (निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसतं ते ३ मीटरवरूनही दिसत नसेल) किंवा दृष्टीचं क्षेत्र १० अंशांहून अरुंद असेल तर ते अंधत्व. म्हणजे कागदोपत्री अंध असलेल्या कित्येकांना काही ना काही दिसतं. त्यातले काही स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) आणि मॅग्निफायर एकाच वेळी चालवतात, आणि मग आवाज एका ठिकाणी, मोठी केलेली खिडकी दुसऱ्याच ठिकाणी, असा घोळ होतो. नुसता स्क्रीन रीडर लावून तपासणाऱ्याला तो दिसतच नाही.

अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक म्हणजे कॉन्ट्रास्ट. त्यासाठी डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय ॲक्सेसिबिलिटी नियमावलीत असलेल्या ४.५ : १ या आकड्याचं मूळही या शोधात हाती लागलं. सामान्य नजरेसाठी ३ : १ पुरेसं धरलेलं होतं. नजर ६/१२ वर आली की कॉन्ट्रास्ट ओळखण्याची क्षमता साधारण दीडपट घटते, म्हणून तीन गुणिले दीड. वरच्या पातळीचं ७ : १ हे ६/२४ च्या आसपासच्या नजरेसाठी. तोवर ‘साडेचार का?’ असं कुणी विचारलं की मी ‘नियम आहे’ म्हणत असे. पण त्या सूत्रालाही मर्यादा आहे. काळ्यावर शुद्ध लाल अक्षरांचा कॉन्ट्रास्ट ५.२५ : १ भरतो, म्हणजे ती पास होतात. प्रोटॅन प्रकारची रंगांधता असलेल्याला मात्र लाल रंगच काळपट दिसतो, त्याला ती अक्षरं जवळजवळ बुडालेली. युरोपीय वंशाच्या पुरुषांत लाल-हिरव्याची रंगांधता सुमारे ८ टक्के आणि स्त्रियांत ०.५ टक्के असते. त्यात प्रोटॅनपेक्षा ड्यूटॅन जास्त, आणि ड्यूटॅन मंडळींना लाल असा काळवंडत नाही. एकाच ‘रंगांध’ शब्दाखाली हे दोघे होते.

कानाचं तुलनेने लवकर उलगडलं. आवाज आतपर्यंत पोचण्यात अडचण असेल तर तो वाढवून बरंच भागतं. अंतर्कर्णातल्या पेशी किंवा पुढची चेता खराब असेल तर आवाज मोठा येतो पण स्पष्ट येत नाही. त्यातही स, श, फ, थ असे वरच्या पट्टीतले वर्ण आधी गळतात. अशा माणसाला व्हिडिओत बोलण्यामागे वाजणारं संगीत म्हणजे शुद्ध छळ. डब्ल्यूसीएजीच्या सगळ्यात वरच्या पातळीत, पार्श्वसंगीत बोलण्यापेक्षा किमान २० डेसिबलने खाली असावं असा निकष आहे. तो ‘ऐच्छिक’ म्हणून आम्ही तपासतच नव्हतो, आता तपासतो. आणि जन्मापासून सांकेतिक भाषेत वाढलेल्या कर्णबधिर माणसाची लिखित भाषा ही दुसरी भाषा असते, त्यामुळे कॅप्शन दिल्या म्हणजे काम संपलं असं नाही. हे मला एका कर्णबधिर सहकाऱ्याने दुभाष्यामार्फत सांगितलं, आणि वर हेही की त्याला ‘श्रवणदोष असलेली व्यक्ती’ म्हटलेलं आवडत नाही. कर्णबधिर म्हणा, हीच माझी ओळख आहे, असं त्याचं म्हणणं. उतारवयात ऐकू येईनासं झालेल्या एक परीक्षक बाई याच्या बरोबर उलट: त्यांना ‘बहिरी’ नको, ‘मला कमी ऐकू येतं’ चालतं. दोघांचंही सूचीत लिहिलं आणि एकच ‘योग्य’ शब्द ठरवायच्या भानगडीत पडले नाही.

‘मोटर’चं गाठोडं सोडताना कंपवाताने अडवलं. पार्किन्सन्समधला कंप मुख्यतः हात स्वस्थ असताना असतो, हालचाल सुरू झाली की बराच कमी होतो. पण हालचाल स्वतःच मंदावलेली असते. इसेन्शियल ट्रेमर हा दुसरा कंप मात्र हात वापरताना येतो. त्यामुळे एकाचं माउसवर टेकलेलं बोट नको असताना क्लिक करतं आणि वेळेची मर्यादा त्याच्या हाताआधी संपते, तर दुसऱ्याचा बाण बटणाशी पोचता पोचता हुकतो. पहिल्यासाठी जास्त वेळ आणि ‘खरंच पाठवायचं?’ असा प्रश्न, दुसऱ्यासाठी मोठं बटण. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजीच्या २.२ आवृत्तीत बटणाचा किमान आकार २४ बाय २४ पिक्सेल आहे, आणि ओढून नेण्याच्या प्रत्येक क्रियेला साध्या टिचकीचा पर्याय हवा. आवाजावर संगणक चालवणाऱ्यांचं त्रांगडं आणखी वेगळं. बटणावर दिसतं ‘पाठवा’ आणि कोडमध्ये त्याचं नाव ‘सबमिट फॉर्म’. तो बिचारा “पाठवा” म्हणत बसतो.

आता रोगाचं नाव घेतल्याशिवाय निभत नाही अशी एक जागा. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये दूरचित्रवाणीवरच्या एका कार्टूनमध्ये काही सेकंद लाल-निळा प्रकाश भराभर लुकलुकला आणि ६०० हून जास्त मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. त्यांतल्या बहुतेकांना आधी कधी फिट आलेली नव्हती. फोटोसेन्सिटिव्ह एपिलेप्सी म्हणजे प्रकाशाच्या लुकलुकण्याने फिट येणं, आणि आपल्याला ती आहे हे कित्येकांना पहिली फिट येईपर्यंत माहीतच नसतं. म्हणून एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकू नये हा निकष सगळ्यात खालच्या, म्हणजे सक्तीच्या पातळीत आहे आणि भडक लालासाठी वेगळी अट आहे. ‘वापरणाऱ्याने सेटिंग बदलावं’ हे उत्तर इथे चालत नाही, सेटिंग शोधेपर्यंत इजा झालेली असते. ‘एपिलेप्सी’ एवढंच लिहिलं तर मात्र डेव्हलपरला वाटतं की प्रत्येक ॲनिमेशन काढायचं. अपस्मार असलेल्यांपैकी साधारण ३ टक्क्यांनाच प्रकाशाचा हा त्रास असतो.

ॲनिमेशनचा प्रश्न खरा आहे तो अंतर्कर्णाच्या तोलाचे आजार असलेल्यांचा. २०१३ मध्ये आयफोनची नवी प्रणाली आली, तिच्यातल्या झूम होत उघडणाऱ्या स्क्रीनमुळे लोकांना मळमळायला लागलं, आणि थोड्याच दिवसांत ती हालचाल कमी करण्याची सोय ॲपलने वाढवली. आज ब्राउझरला तीच पसंती विचारता येते. पण मेनिएर हा चक्कर आणणारा आजार किंवा अर्धशिशी असलेला माणूस तुमच्या पानावर घसरणारी चित्रं पाहून तासभर आडवा पडला, तरी तो तक्रार करत नाही; पान बंद करतो, पुन्हा येत नाही.

‘कॉग्निटिव्ह’ला मी सगळ्यात जास्त वेळ दिला आणि अजून समाधान नाही. या शब्दाखाली डिस्लेक्सिया, एडीएचडी, स्वमग्नता, स्मृतिभ्रंश, बौद्धिक अक्षमता, मेंदूला मार लागल्यानंतरची अवस्था, आणि काही ठिकाणी मानसिक आजारसुद्धा, असे सगळे एकाच ओळीत बसवलेले असतात. बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार यांची सरमिसळ तर शिकलेली माणसंही करतात. माझ्यासाठी या गाठोड्याला पहिला सुरा लावला तो अफेजिया आणि डिसार्थ्रिया या जोडीने. पक्षाघातानंतर दोन्ही होऊ शकतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींत ‘बोलता येत नाही’ एवढंच दिसतं. डिसार्थ्रियात बोलण्याचे स्नायू साथ देत नाहीत. भाषा शाबूत असते. तो माणूस लांबलचक ईमेल बिनचूक लिहील, पण व्हॉइस असिस्टंटला त्याचं बोलणं कळणार नाही. अफेजियात भाषाच निसटते: शब्द सापडत नाही, वाचलेलं वाक्य हातात राहत नाही, बुद्धी मात्र जागेवर. पहिल्याला मजकुराचा पर्याय म्हणजे सुटका, दुसऱ्याला तोच मजकूर म्हणजे भिंत. त्याला छोटी वाक्यं, चित्रं आणि घाई न करणारं पान लागतं. ‘बोलण्यातील अक्षमता: चॅटची सोय द्या’ ही जुनी नोंद मी खोडली.

पासवर्डचंही इथेच आलं. तो लक्षात ठेवणं किंवा पडद्यावरचा कोड बघून टाइप करणं ही बुद्धीची परीक्षा आहे आणि लॉगिनला तीच एक वाट असू नये, असं २.२ आवृत्ती म्हणते. पासवर्डच्या रकान्यात पेस्ट बंद करणाऱ्या पानांवर मी आता निःशंक मनाने ‘गंभीर’ लिहिते. सुरक्षेच्या नावाखाली केलेली ही शुद्ध आडमुठेगिरी आहे.

काही नावं कुठल्याच गटात बसत नाहीत, कारण ती दिवसागणिक बदलतात. मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या एक परीक्षक बाई सकाळी माउस सहज चालवतात. दुपारी थकवा आला की हात जड, नजर धूसर. त्या मला म्हणाल्या, “तुमच्या फॉर्मवर एकच खूण करता येते. मी कितीच्या सुमाराची खूण करू?” अशा माणसांना सगळ्यात उपयोगी पडतो तो वेळेचा निकष: सत्र संपण्याआधी इशारा, साध्या कृतीने मुदत वाढवता यावी, आणि तीही किमान दहा वेळा.

बाईंच्या त्या प्रश्नामुळे परीक्षक नोंदणीचा फॉर्मही बदलला. ‘आपले अपंगत्व कोणते?’ हा प्रश्न काढून वॉशिंग्टन ग्रुप या आंतरराष्ट्रीय गटाचे सहा प्रश्न घेतले. त्यांत अपंगत्व हा शब्दच नाही. चष्मा लावूनही दिसायला अडचण येते का, श्रवणयंत्र लावूनही ऐकायला, चालायला किंवा पायऱ्या चढायला, लक्षात ठेवायला किंवा लक्ष एकाग्र करायला, स्वतःचं आवरायला, आणि संवाद साधायला. उत्तरं चार: अजिबात नाही, थोडी, खूप, जमतच नाही. जनगणनेसाठी बनवलेले हे प्रश्न आमच्या कामाला तंतोतंत बसत नाहीत. चालण्याशी आमचा फारसा संबंध नाही, आणि हातांच्या बारीक हालचालींबद्दल त्यांत वेगळं काही नाही. म्हणून हात, रंग आणि चक्कर यांचे तीन प्रश्न आम्ही जोडले आणि शेवटी एक मोकळी जागा ठेवली: ‘हे दिवसभरात बदलतं का?’ ज्यांनी जुन्या फॉर्मवर ‘काही नाही’ लिहिलं होतं, त्यांतल्या काहींनी नव्या फॉर्मवर ‘थोडी’ आणि ‘खूप’ लिहिलं.

रकाना आता असा दिसतो. ‘चूक दाखवणारा संदेश वर उजवीकडे येतो व विरतो. अरुंद दृष्टिक्षेत्र असलेल्यांना व स्क्रीन मोठी करून वापरणाऱ्यांना तो दिसत नाही; सावकाश वाचणाऱ्यांना पुरत नाही; स्क्रीन रीडर तो उच्चारत नाही.’ रोगाचं नाव यात नाही, पण ते ठाऊक नसतं तर पहिला भाग सुचला नसता. डेव्हलपर हे वाचतात. परवा एकाने उलट विचारलं, सावकाश वाचणारे म्हणजे नेमके कोण, आणि मी त्याला सूचीतल्या पाच नोंदी दाखवल्या.

प्रत्येक नोंदीच्या खाली आता एक खूण असते: ही प्रत्यक्ष कुणाबरोबर बसून लिहिली, की वाचून. डोळे, कान आणि हात यांच्या बहुतेक नोंदींवर पहिली खूण आहे. स्किझोफ्रेनिया, बायपोलर आणि तीव्र चिंताविकार यांच्या नोंदी अजून दुसऱ्या खुणेच्या, एकेका ओळीच्या. त्या आजारांसह जगणाऱ्या परीक्षकांसाठी नोंदणीचं आवाहन गेलं आहे. पुढच्या फेरीत त्यांच्याबरोबर तोच फॉर्म घेऊन बसायचं आहे.